डावीकडे, मग थोडी वर

डाव्या खिशात कंपनीचा फोन.
उजव्या खिशात माझा स्वतःचा, तळहाताएवढा संगणक,
सोदानक्युलाच्या जुन्या बाजारात निम्म्या किमतीत घेतलेला.
मधे मी.
मी म्हणजे लोकरीचे तीन थर, एक दुखरा गुडघा
आणि विजेच्या तारांखालून चालण्याची एकवीस वर्षं.

त्या दोघांना जोडतं ते दिसत नाही.
आमच्याकडे त्याला सरळ निळा दात म्हणतात.
चार शून्यं दाबली की ओळख पटते.
माणसांचं तसं असतं तर
ओइवाला आणि मला अकरा वर्षं लागली नसती.

उणे एकतीस.
खांब क्रमांक दोनशे चौदापाशी लाकडी खोपट,
त्यात बाक, त्यावर मी.
थंडीत फोनची बॅटरी मान टाकते,
म्हणून तो काखेत धरून बसले आहे,
कोंबडी अंड्यावर बसते तशी.
अंडं कंपनीचं.

कॅन्टीनच्या भिंतीवर कागद आहे: खाजगी वापरास मनाई.
खाली तार्मो इलितालोची सही,
इतकी सरळ की त्यानं पट्टी घेतली असावी.
मी इथून कधी खिळासुद्धा घरी नेला नाही.
म्हणून नुसते विषय उतरवते, पत्रं नाही.
विषयांना फारसं वजन नसतं.

वाचनालय: पुस्तक परत करा.
कोणीतरी: तुम्ही जिंकलात.
वाचनालय: पुस्तक परत करा, दुसरी सूचना.
आणि ओइवा केम्पाइनेन, ब्रिस्बेन.
विषय: झडप.

झडप.
विकलेल्या जंगलाबद्दल नाही.
आईला पुरलं तेव्हा रिकाम्या राहिलेल्या खुर्चीबद्दल नाही.
झडप, दोन किलोबाइट.
उरलेलं उतरवायचं? हो. नाही.

काकडीची चोरी आणि फाशीची शिक्षा, म्हणतात ना.
मी काकडी हातात घेऊन तोलत बसले.
काखेतलं अंडं गार व्हायला लागलं.
हो.

"राइली, तळ्याकाठच्या सौनातली ती चुलीची झडप,
ती कुठे फिरवायची? डावीकडे की उजवीकडे?
इथे रात्री अंगावर चादर सोसवत नाही.
झोप येईना की मनातल्या मनात चूल पेटवायला घेतो
आणि दर वेळी झडपेपाशी अडतो.
धूर होतो. मी"

इथे फोन गेला.

'मी'नंतर माणूस काय काय लिहू शकतो
ते मनात जुळवत खांब दोनशे एकतीसपर्यंत गेले.
तिथे एका इन्सुलेटरला तडा होता.
नोंद केली.

संध्याकाळी गाडीत, हीटरसमोर, पुन्हा चार शून्यं.
उरलेलं आधी उतरवता आलं असतं.
पण विचारलेलं आधी सांगावं, असं आमच्या घरचं वळण.
बोटं अजून लाकडासारखी. एकेक अक्षर शोधून लिहिलं:
डावीकडे. मग थोडी वर उचल. अजून अडकते.
पाठवलं.
मगच पुढचं वाचलं.
ते पाच शब्द होते आणि ते खाजगी आहेत.

महिन्याअखेरीस तार्मोनं बिल पुढे सरकवलं.
दोन ओळींखाली रेघा, पट्टीनं मारलेल्या.
मी चाळीस सेंट टेबलावर ठेवले.
"कशाचे?"
"झडपेचे."
त्यानं मान वर केली नाही. पावतीपुस्तक काढलं,
कार्बन नीट बसवला, तारीख घातली,
रकमेपुढे लिहिलं: झडप.
पावती फाडून देताना
खिडकीबाहेर बर्फ काढणाऱ्या गाडीकडे बघत म्हणाला,
"आमची उजवीकडे फिरते."

बाहेर आले. हातमोजे दातांत धरून उभी राहिले.
पावती कुठल्या खिशात ठेवायची
ते कळेना.